विहिरीवरची टाकी

दोन हजार चोवीस साल. मला त्र्याहत्तर पुरी होऊन चौऱ्याहत्तरावं लागलं होतं. श्रावण चालू होता, आणि माझ्या बायकोचे दोन्ही गुडघे गेले होते. गेले म्हणजे जागेवरच होते, पण कामातून गेले होते. देवघरासमोर बसली की उठवायला दोन माणसं लागायची, आणि उठल्यावर ती त्या दोघांनाच शिव्या घालायची.

मुलानं तिला हडपसरला डॉक्टरकडं नेलं. मीही गेलो. डॉक्टर पोरसवदा होता. त्यानं गुडघ्यांचा एक्स-रे फोटो उजेडाला धरून बघितला आणि म्हणाला, "आजी, ऑपरेशनची घाई नको. रोज अर्धा तास पाण्यात चालायचं. कमरेएवढ्या पाण्यात. पाण्यात अंगाचं वजन गुडघ्यावर येत नाही."

मी म्हणालो, "आमच्या गेटाबाहेर रस्त्यावर रोज तेवढं पाणी असतंय. तिथं चालली तर?"

डॉक्टर हसला नाही. नवीन डॉक्टर हसत नाहीत.

तिथून मुलानं आम्हाला एका क्लबात नेलं. तिथं झाकलेला, कोमट पाण्याचा तलाव होता. पण काउंटरवरची बाई म्हणाली की नायलॉनचा पोहण्याचा पोशाख सक्तीचा आहे, सुती लुगडं चालणार नाही, सुताचे धागे गाळणीत अडकतात. आमच्या कारभारणीनं त्या बाईकडं खालपासून वरपर्यंत बघून घेतलं आणि म्हणाली, "बाई, माझं धागं तुझ्या गाळणीत अडकण्यापरीस मी माझ्या घरी बरी."

गाडीत बसल्यावर ती काचेबाहेर बघत एकच वाक्य बोलली. "आपल्या घरी पाणी हाय की."

घरी पाणी होतं हे खरं होतं. तीस फूट लांब, पंधरा फूट रुंद, एका बाजूला चार फूट आणि दुसऱ्या बाजूला सात फूट. फक्त त्यात चार वर्षं बेडकांशिवाय कुणी उतरलेलं नव्हतं.

आता हे पाणी घरी कसं आलं ते सांगितलं पाहिजे.

आमचं गाव सोलापूर रस्त्याला, लोणी काळभोरच्या अलीकडं. आम्ही कधी पुण्याला राहायला गेलो नाही. पुणंच आमच्या वावरात राहायला आलं. आधी रस्ता आला, मग फ्लॅटांचा स्कीमवाला आला, मग कॉर्पोरेशन आली, आणि सगळ्यात शेवटी, अजून यायचंय, ते नळाचं पाणी. जमिनी गेल्या तशी भावकीत बंगल्यांची चढाओढ लागली. माझ्या चुलत भावानं दोन मजल्यांच्या घराला लिफ्ट बसवली. उद्घाटनालाच तो तिच्यात पाऊण तास अडकला, पण लिफ्ट ती लिफ्ट. मग आमच्या चिरंजीवांना वाटलं, आपल्याकडं काहीतरी पाहिजे. त्यानं पोहण्याचा तलाव काढला. आमच्या घरात तेव्हा पोहता येणारा मी एकटा होतो.

नकाशा काढणारा आला. टोपी घालून सगळीकडं फिरला आणि म्हणाला, "ईशान्येला पाणी असलेलं उत्तम."

मी म्हणालो, "ईशान्येला पाणी हाय. आमची विहीर हाय. चाळीस फूट. सात झरे हायेत. बहात्तरच्या दुष्काळात आख्खं गाव हिच्यावर पाणी प्यालंय."

तो म्हणाला, "ते पाणी जमिनीखाली आहे, आजोबा. आपल्याला दिसणारं पाणी हवं."

झालं. दिसणारं पाणी करण्यासाठी असलेलं पाणी बुजवलं. जुना गोठा पाडला होता, त्याचा सगळा राडारोडा विहिरीत ओतला. सतरा ट्रॉल्या. मी कठड्याजवळ उभा राहून मोजल्या. शेवटची ट्रॉली रिकामी झाली तेव्हा मी गवंड्यासमोर, त्या टोपीवाल्यासमोर, मुलासमोर आणि जमलेल्या भावकीसमोर सांगून टाकलं, "ह्या टाकीत मी मरेस्तोवर पाय घालणार न्हाय."

बोललो ते पाळलं. सहा वर्षं पाळलं. मुलगा तिला स्विमिंग पूल म्हणतो, मी टाकी म्हणतो. उद्घाटनाला सत्यनारायण झाला, भटजींनी पाण्यात फुलं सोडली, पाहुण्यांनी पाय सोडले, मी खुर्चीवर पायात बूट घालून बसलो.

एकच गोष्ट वाचली. विहिरीच्या काठावर साती आसरांचा दगड होता. ह्या पाण्याच्या बाया. आमच्याकडं विहिरीत उतरायच्या आधी त्यांना नारळ, हळदीकुंकू आणि हिरव्या बांगड्या द्यायच्या, मगच दोर सोडायचा. टोपीवाला तो दगडही हलवणार होता. बायको त्याच्यावर हात ठेवून उभी राहिली. दगड राहिला. आता तो अंघोळीच्या फवाऱ्याशेजारी आहे आणि पाहुणे त्याच्यावर टॉवेल टाकतात.

दोन उन्हाळे नातवंडं खेळली. मग ती मोठी झाली, शिकायला लांब गेली. मग रोग आला, सगळं बंद झालं, आणि टाकीकडं कुणी बघेना. पाण्यावर आधी धूळ आली, मग पानं, मग शेवाळ, मग डास. कॉर्पोरेशनचा माणूस डासांच्या अळ्या बघायला यायचा तेव्हा आमच्या टाकीचा फोटो काढून न्यायचा. बहुतेक दुसऱ्यांना दाखवायला.

डॉक्टरकडून आल्याच्या दुसऱ्या दिवशी मुलानं माणूस बोलावला. "आण्णा, शनिवार पेठेतला आहे. तीस वर्षं हेच काम करतोय. तुम्ही मध्ये बोलू नका."

मी कुठं बोलतो.

माणूस आला. साठीच्या आतला, हडकुळा, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. स्कूटर सावलीत लावली, हेल्मेट डिकीत ठेवलं, डिकी बंद झाली का ते दोनदा ओढून बघितलं. मग टाकीच्या कडेनं एक फेरी मारली.

"शेवटची सफाई केव्हा?"

मुलगा म्हणाला, "लॉकडाऊनच्या आधी."

"पाणी हिरवं झालंय असं मी म्हणणार नाही," तो म्हणाला. "हिरव्यात थोडं पाणी मिसळलंय."

मला माणूस आवडायला लागला होता. पण मग त्यानं काम सांगितलं. पाणी काढायचं नाही. औषध टाकायचं, जाळीनं पानं काढायची, ब्रश मारायचा, नळीनं तळाचा गाळ ओढायचा, गाळणीची वाळू बदलायची. तीन आठवडे.

आता मी कोण ते सांगतो. मी चौथी नापास आहे. पण आजूबाजूच्या दहा गावांत विहिरीचा गाळ काढायचा म्हटलं की निरोप मला यायचा. चाळीस वर्षं मी विहिरींत उतरलोय. कुठला झरा कुठल्या अंगानं येतो, कुठं कपार आहे, कुठला दगड हलवायचा आणि कुठल्याला बोट लावायचं नाही, हे मला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. तर त्या तीन आठवड्यांवर माझ्याच्यानं गप्प बसवलं नाही.

"तीन आठवडं? चाळीस फुटी विहिरीचा गाळ आम्ही तीन दिवसांत काढायचो. पाणी उपसायचं, उतरायचं, घासायचं, वर यायचं."

"बरोबर आहे. पण ही विहीर नाही, काका."

"इथं विहीरच होती."

तो थांबला. "इथे? याच जागेवर?"

"सात झऱ्यांची. बहात्तरला आख्खं गाव..."

"मग तर मुळीच रिकामा करू नका." त्यानं पेनाचं टोपण लावलं. "पावसाळ्यात खालचं पाणी वर आलेलं असतं. ते तलावाला खालून ढकलत असतं. आतल्या पाण्याच्या वजनानं तलाव खाली बसलेला असतो. ते वजन काढलंत, की तलाव तरंगतो."

"काय होतो?"

"तरंगतो."

मी मुलाकडं बघितलं. "पाण्यात वस्तू तरंगती एवढं मला ठाऊक होतं. पाण्याचं भांडंच तरंगतंय हे नवीन ऐकलं."

"नवीन ऐकायला वयाची अट नसते," तो म्हणाला. मग वहीचा कागद फाडला, त्यावर एक ओळ लिहिली, खाली तारीख घातली, सही केली आणि माझ्या हातात दिली. "आपला तलाव, आपली विहीर, आपला अनुभव. मी फक्त लेखी देऊन ठेवतो."

"मला वाचायला फारसं जमत न्हाय."

"म्हणून मोठ्या अक्षरांत लिहिलंय."

अक्षरं खरंच मोठी होती. 'पावसाळ्यात पूर्ण रिकामा करू नये.' मी तो कागद घडी करून बायकोच्या हातात दिला आणि म्हणालो, चुलीत घाल. आमच्याकडं चूल नाही हे तिनं मला सांगितलं नाही.

तो गेल्यावर मी मुलाला सांगितलं, "ह्या बाबाला बोलवायचं न्हाय. आठ दिवस दे मला."

"आण्णा, तुम्ही त्यात पाय घालणार नाही म्हणाला होता."

"पाण्यात घालणार न्हाय म्हणालो होतो. पाणी काढल्यावर तो खड्डा. खड्ड्यात उतरायला मी मोकळा हाय."

हा निवाडा माझा मीच केला होता आणि मला तो फार आवडला.

बायको दारात बसून ऐकत होती. तिनं विचारलं, "आठ दिवसांत मला चालता यील?"

"नवव्या दिवशी सकाळी तुला पाण्यात चालवतो. शब्द."

"आणि हात कोण धरंल? तुम्ही तर उतरणार न्हाय."

"सून धरंल."

तिनं मान हलवली. हो म्हणून की काय म्हणून, ते कळलं नाही.

त्या संध्याकाळी मी मारुतीच्या पारावर गेलो आणि तरंगणारी टाकी सगळ्यांना सांगितली. लोक पोट धरून हसले. चुलत भाऊ म्हणाला, "मग नांगर टाकून ठेव बाबा, न्हाय तर वाहत हडपसरला जायची." दुसऱ्या दिवशी न्हाव्याकडं सांगितली. तिसऱ्या दिवशी मला सांगायची गरज उरली नाही, अनोळखी माणसं मला थांबवून विचारायला लागली, "काय आण्णा, टाकी निघाली का प्रवासाला?" आयुष्यात माझ्या बोलण्याला एवढे लोक कधी हसले नव्हते. मी खूश होतो.

कामाला मंगळवारी हात घातला. आठ दिवस मी तिथून धरले. आधी आसरांच्या दगडावरचा टॉवेल काढला, दगड धुतला, शेंदूर लावला. नारळ फोडला, हळदीकुंकू वाहिलं, हिरव्या बांगड्या ठेवल्या. सून गच्चीतून मोबाईलवर फोटो काढत होती. मग गढूळ पाणी उपसायचा मडपंप काढला, जो गोठा पाडताना मी लपवून ठेवला होता, आणि पाइप मागच्या पाच गुंठ्यांत सोडला. तेवढी जमीन मी विकू दिलेली नाही. तिथली वांगी त्या हिरव्या पाण्यानं अशी फोफावली की सूनही म्हणाली, छान आहेत. तिनं वांग्याला छान म्हणण्याची ती पहिली वेळ.

दीड दिवसानं पाणी उतरलं आणि तळ दिसला. खरं तर गाळ दिसला, वीतभर. मी धोतर खोचलं, गमबूट घातले आणि शिडीनं खड्ड्यात उतरलो.

विहिरीच्या गाळात काय काय सापडतं ते मला माहीत आहे. घागरी सापडतात, रहाटाची चाकं, बैलाच्या गळ्यातल्या घंटा, एकदा एका विहिरीत चांदीचं कडं सापडलं होतं, ते मालकिणीच्या सासूचं निघालं आणि ती पायरीवर बसून रडली. आमच्या टाकीच्या गाळात दोन रिमोट सापडले, पोहण्याचे चार चश्मे, एक प्लॅस्टिकचं बदक, बाटल्यांची सात बुचं आणि ती उघडायचं एक अवजार. बुचं मी धुऊन मुलाच्या ताटाशेजारी मांडून ठेवली. त्यानं ती एकेक करून खिशात टाकली. माझा राग त्याच्या पिण्यावर नव्हता. राग एवढाच की तेवढ्या रात्री तो टाकीच्या काठावर बसला, आणि ज्या विहिरीवर बसला होता तिची त्याला एकदाही आठवण झाली नसेल.

पाच दिवस मी एकटा घासत होतो. काथ्या, विटकरीची भुकटी आणि चिंच. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. पाठ धरायची. मुलगा म्हणायचा माणूस लावतो, मी म्हणायचो लाव आणि मग मला पण लाव, वृद्धाश्रमात. बायको कडेला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून देखरेख करायची. "तो कोपरा राह्यला. तिकडं न्हाय, डावीकडं. आवं, तुमचं डावं न्हाय, माझं डावं." तिनं तोवर आपलं सगळ्यात जुनं सुती लुगडं काढून ठेवलं होतं. काठ विरलेलं, हलकं. दोरीवर वाळत घालायची आणि परत घडी करून ठेवायची, रोज. न वापरलेलं लुगडं रोज कशाला वाळत घालतेस म्हणून मी विचारलं नाही.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी पारावर अजून सांगितलेली नाही. सहाव्या दिवशी खोल बाजूच्या तळाला, दोन फरश्यांच्या मधल्या फटीला मला ओल दिसली. पुसली. चहा पिऊन आलो तर परत ओल. परत पुसली. फरशीला हात लावला तर गार लागली, आजूबाजूची कोमट होती. मी विहिरीतला माणूस. झरा ओळखण्यात माझा हात कुणी धरत नव्हतं. कोरड्या कपारीला नुसता तळवा लावून मी सांगायचो, हितं खणा. आणि त्या दिवशी त्या गार फरशीला तळवा लावून मी स्वतःला काय सांगितलं? फरशीला घाम आलाय.

ज्या विहिरीचे सात झरे मी सहा वर्षं दिसेल त्याला ऐकवत होतो, ते अजून चालू असतील एवढं माझ्या डोक्यात आलं नाही. की आलं होतं आणि त्या शनिवार पेठेवाल्याला बरोबर ठरवायचं नव्हतं, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

आठव्या दिवशी दुपारी टाकी लखलखीत झाली. निळी फरशी. सहा वर्षांत मी ती पहिल्यांदा बघितली, बरी होती. मारुतीचा सगळा पार बघायला आला. चुलत भाऊ आला. सगळे कडेनं उभे राहून आत बघत होते आणि एकजण म्हणाला, "हलंना ओ अजून." मी हसलो. दुसऱ्या दिवशी पहाटे भरायला टँकर सांगितला होता. सात झऱ्यांच्या डोक्यावर उभं राहून आम्ही टँकरची वाट बघत होतो. ह्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

मंडळी गेली. मी जेवलो आणि ओसरीत आडवा झालो. डोळा लागला न लागला तोच एक आवाज झाला. मोठा. खिडक्या थरथरल्या. मला वाटलं शेजारच्या स्कीमवाल्यानं सुरुंग लावला, तो सांगून कधीच लावत नाही. मी कूस बदलली.

बायकोची हाक आली. ती आज काठी टेकत एकटीच टाकीपर्यंत गेली होती. लुगडं वाळत घालायला. तिचा आवाज अगदी साधा होता, दूध उतू गेल्याचं सांगावं तसा.

"आवं, या जरा. तुमची टाकी उठून बसली."

तव्यावरची भाकरी फुगते तसा खोल बाजूचा तळ फुगला होता. मधोमध. फरश्या कडेनं तडकून वर आल्या होत्या आणि फटीफटींतून पाणी उसळत होतं. आधी गढूळ, लालसर. मग हळूहळू निवळ. मी कडेला उभा राहून बघत राहिलो. सातही झरे होते का मोजता आले नाहीत, पण जोर तोच होता. ओळखीच्या माणसानं अंधारात खाकरावं आणि तेवढ्यावरून तो कळावा, तसं मला ते पाणी कळलं.

"तरंगली," मी म्हणालो.

"त्यांनी लिवून दिलं होतं," बायको म्हणाली. आणि कमरेच्या पिशवीतून तो कागद काढला. घडी तशीच.

पार परत आला. आता कुणी हसलं नाही, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. फक्त चुलत भाऊ म्हणाला, "आमची लिफ्ट तर बंदच पडती. तुमची टाकी निदान वर तरी आली." त्यानं ते समजूत घालायला म्हटलं असावं.

मुलगा ऑफिसातून आला. त्यानं बघितलं, कपाळाला हात लावला. शनिवार पेठेत फोन केला. तो माणूस संध्याकाळी आला, सावली नसतानाही स्कूटर त्याच सावलीच्या जागी लावली. डिकी दोनदा ओढली. टाकीच्या कडेनं एक फेरी मारली.

मी त्याची वाट बघत उभा होतो. तो काय काय बोलेल ते सगळं मी मनात ऐकून ठेवलं होतं आणि उत्तरंही तयार होती. तो वाकून उसळणारं पाणी बघत राहिला. मग मलाच बोलावं लागलं.

"तुम्ही सांगितलं होतं. मी ऐकलं न्हाय. चूक माझी."

"हे लेखी देता का?"

"मोठ्या अक्षरांत देतो."

पहिल्यांदा तो हसला. अगदी थोडा, खर्च होऊ नये तसा.

मग त्यानं कामाचं सांगितलं. तळ फोडून नव्यानं करावा लागेल. पण खालचं पाणी उतरल्याशिवाय हात लावता येणार नाही, म्हणजे दिवाळीनंतर. तोवर आत येतंय ते पाणी येऊ द्यायचं, काढायचं नाही. "आता तरी काढू नका," एवढं मात्र तो माझ्याकडं बघून म्हणाला.

मी मान खाली घातली. मला फरश्यांचं काही नव्हतं. नववा दिवस उद्या होता. बायको खुर्चीत बसली होती आणि ते विरलेल्या काठाचं लुगडं तिच्या मांडीवर होतं. दिवाळी दोन-अडीच महिन्यांवर होती, आणि तिला देवासमोरून उठायला दोन माणसं लागत होती.

तिनंच त्याला विचारलं, "दादा, ह्या पाण्यात मला चालता यील का?"

त्यानं तिच्याकडं बघितलं, मग पाण्याकडं. पाणी आता उथळ बाजूला घोटाभर आलं होतं आणि चढत होतं. तो पँट दुमडून त्या बाजूनं उतरला. पायानं तळ चाचपला, वाकून हातानं चाचपला, भिंतीला कान लावला. खिशातून छोटी काचेची नळी काढली, पाणी घेतलं, दोन औषधांचे थेंब टाकले, उजेडाला धरलं. डॉक्टरनं फोटो धरला होता तसंच.

"उथळ बाजू शाबूत आहे, आजी. खोल बाजूकडे जायचं नाही, मी मध्ये दोर बांधून देतो. सकाळपर्यंत इथे कमरेच्या थोडं खाली पाणी असेल." नळी त्यानं परत एकदा बघितली. "पाणी चांगलं आहे. मी जे तीन आठवड्यांत करणार होतो त्यापेक्षा बरं. थोडं औषध टाकून जातो. आणि घासलंय उत्तम."

शेवटचं वाक्य तो कुणाकडं न बघता बोलला. मी ऐकलं.

"फक्त एकट्या उतरू नका," तो दोर बांधताना म्हणाला. "पायऱ्यांवर हात धरायला कोणीतरी आत पाहिजे. आत म्हणजे पाण्यात. काठावरून नाही."

मुलगा म्हणाला त्याची सकाळी मीटिंग आहे. सुनेला पाण्याची भीती वाटते, हे आम्हाला सहा वर्षांनी त्या संध्याकाळी कळलं. बायकोनं लुगड्याची घडी सारखी केली, आणि माझ्याकडं बघितलंही नाही. बघितलं असतं तर मला भांडता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडल्यावर मी टँकरवाल्याला गेटावरूनच परत पाठवलं. आसरांच्या दगडाला पाणी घातलं. टाकीतलं पाणी दोराला लागलं होतं, आणि तळाची निळी फरशी हात लांबवून उचलावी इतकी स्वच्छ दिसत होती. बायको काठी टेकत आली, लुगड्याचा काष्टा आवळला, पहिल्या पायरीशी थांबली.

"मरेस्तोवर म्हणाला होता."

"गप चल."

मी चपला दगडाशेजारी काढल्या, धोतर गुडघ्याच्या वर खोचलं, आणि तिच्या आधी एक पायरी उतरून हात वर केला.